पांढऱ्या उंदराला काय विचारायचे

प्राण्यांवरील प्रयोगांना परवानगी मागण्याच्या अर्जात एक रकाना असतो: या प्रयोगासाठी हाच प्राणी का निवडला, याचे कारण द्यावे. नागपुरातील एका औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयाच्या प्राणी नैतिकता समितीवर मी काही वर्षे विज्ञानाबाहेरचा सदस्य होतो आणि प्रत्येक अर्जातला हा रकाना मी सगळ्यांत आधी वाचत असे. त्यात बहुतेक वेळा ठरलेले उत्तर असे: उंदीर आकाराने लहान, हाताळायला सोपे, स्वस्त व सहज उपलब्ध आहेत आणि पूर्वीच्या अभ्यासांतही तेच वापरले गेले आहेत. या उत्तरातला शब्दन् शब्द खरा होता, पण माणसाचा किंवा त्याच्या आजाराचा उल्लेख त्यात कुठेच नसे.

उंदरांवरील प्रयोगांविषयी आपल्याकडे दोनच सुरांत बोलले जाते. ही क्रूरता आहे, ती थांबवा, आता संगणक आहेत, असे एक बाजू म्हणते. उंदरांशिवाय एकही औषध हाती लागले नसते, उगाच भावनिक होऊ नका, असे दुसरी बाजू बजावते. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. परंतु उंदीर उपयोगी आहे की नाही, या प्रश्नाला सरसकट एकच उत्तर असणार, हे दोघेही गृहीत धरून चालतात आणि माझा आक्षेप तिथेच आहे. माणसाच्या आजारातून पुढे आलेला नेमका प्रश्न घेऊन गेलो, तर उंदीर फार मोलाचे उत्तर देऊ शकतो. पण कोणता प्रश्न विचारायचा हेही उंदराच्या सोयीने ठरू लागले, की मिळालेले उत्तर कितीही काटेकोर असले तरी ते उंदराविषयीचेच राहते. (मराठीत ‘उंदीर’ हा शब्द लहानमोठ्या दोन्ही प्राण्यांना चालतो, प्रयोगशाळेत मात्र ‘माइस’ आणि ‘रॅट’ असा भेद कसोशीने पाळतात. या लेखातला उंदीर म्हणजे पंचवीस-तीस ग्रॅम वजनाचा लहान उंदीर.)

हा प्राणी प्रयोगशाळेत आला तोच मुळी सोयीमुळे. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत हौसेने रंगीबेरंगी उंदीर पाळण्याची टूम होती आणि मॅसॅच्युसेट्समधील ग्रॅनबी या गावात ॲबी लॅथ्रॉप नावाची बाई असे उंदीर वाढवून विकत असे. हार्वर्डचे विल्यम कॅसल आणि त्यांचे विद्यार्थी क्लॅरेन्स लिटल यांनी तिच्याकडून उंदीर घेतले. लिटल यांनी पिढ्यानपिढ्या भावाबहिणींचे संकर करून जवळजवळ एकसारखे जनुक असलेले वाण तयार केले. आज जगात सर्वाधिक वापरले जाणारे सी-57 ब्लॅक-6 हे वाण त्याच घराण्यातले आहे, त्याची सुरुवात 1921 सालची. माणसाला सर्वांत जवळचा प्राणी कोणता, याचा शोध घेऊन कोणी उंदीर निवडला, असे घडलेले नाही. तीन आठवड्यांत पिल्ले, दोन महिन्यांच्या आत पिल्लू वयात, आणि खुराडे ठेवायला एक फळी पुरे, हे त्याचे मूळ गुण.

या गुणांनी मिळवून दिलेले श्रेय मात्र नाकारता येणार नाही. 25 मे 1940 रोजी ऑक्सफर्डमध्ये हॉवर्ड फ्लोरी यांनी आठ उंदरांना घातक जंतू टोचले आणि त्यांतल्या चौघांना पेनिसिलिन दिले. दुसऱ्या दिवशी ते चारच जिवंत होते. त्या दिवशी पिंजऱ्यात उंदरांऐवजी गिनीपिग असते, तर पेनिसिलिन बहुधा विषारी ठरले असते, कारण गिनीपिगला ते सोसत नाही. म्हणजे प्राण्याची निवड औषधाचे भवितव्य ठरवते, आणि त्या दिवशी ती निवड सुदैवाने बरोबर ठरली. 2002 मध्ये उंदराची जनुकीय संहिता प्रसिद्ध झाली, तेव्हा त्याच्या सुमारे 99 टक्के जनुकांना माणसात काही ना काही जोड असल्याचे दिसले. हा आकडा भाषणांतून फार ऐकवला जातो. पण माणूस आणि उंदीर यांचे पूर्वज वेगळे होऊन काही कोटी वर्षे झाली, आणि तीच जनुके कधी, कुठे व किती काम करतात यात एवढ्या काळात बराच फरक पडला, हा पुढचा भाग सहसा वगळला जातो.

विदर्भातल्या माणसाला हे समजून घेण्यासाठी दूर जायला नको. नागपुरातील एका रुग्णालयाच्या सिकलसेल ओपीडीबाहेरच्या बाकावर मला एक आई भेटली होती. तिचे दोन्ही मुलगे सिकलसेलग्रस्त होते, म्हणजे तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकवणारा रक्ताचा आनुवंशिक आजार दोघांनाही होता. थोरला दर एक-दोन महिन्यांनी क्रायसिस, म्हणजे वेदनेचा तीव्र झटका, येऊन भरती होत होता आणि धाकटा शाळेत कबड्डी खेळत होता. “दोघाईचा रिपोर्ट एकच हाय जी,” ती म्हणाली, “मंग एकालेच काऊन एवढा त्रास होते?” पुढे सिकलसेलवरचे संशोधन वाचताना तिचा हा प्रश्न माझ्या डोक्यातून कधी गेला नाही.

सिकलसेलचे मूळ इतके स्पष्ट आहे की उंदरात हा आजार उतरवणे सोपे असावे, असे वाटते. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीतील सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन येते, एवढीच चूक. प्रत्यक्षात उंदराचे स्वतःचे हिमोग्लोबिन या बिघाडाला दाद देत नाही, ते सिकल हिमोग्लोबिनच्या, पेशीला वाकवणाऱ्या दोऱ्या बनण्यात अडथळाच आणते. म्हणून उंदराची स्वतःची प्रौढ हिमोग्लोबिनची जनुके काढून टाकून त्या जागी माणसाची घालावी लागली, आणि ते दोन स्वतंत्र अमेरिकी गटांना 1997 मध्ये जमले. या उंदरांच्या तांबड्या पेशी खरोखर विळ्यासारख्या वाकतात, त्यांना पंडुरोग होतो, प्लीहा वाढते, मूत्रपिंडे खराब होतात. एवढ्या कष्टाने घडवलेले हे रूप पाहून कोणालाही वाटेल की आता माणसाचा आजार पिंजऱ्यात आला.

पण माणसाच्या बाळात एक गोष्ट घडते जी उंदराच्या पिल्लात मुळात घडतच नाही. पोटात असताना आपल्या रक्तात गर्भावस्थेतील वेगळे हिमोग्लोबिन असते, जन्मानंतर साधारण सहा महिन्यांत ते ओसरून प्रौढ हिमोग्लोबिन त्याची जागा घेते आणि सिकलसेलचा त्रास त्यानंतर सुरू होतो. ज्यांच्यात हे गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन मोठेपणीही बरेच टिकते त्यांचा आजार सौम्य राहतो, आणि भारतातील अनेक रुग्णांमध्ये ते तुलनेने जास्त आढळते. उंदरात ही गर्भाची अवस्थाच नाही. त्याचे भ्रूणाचे हिमोग्लोबिन जाऊन थेट प्रौढ हिमोग्लोबिन येते. हायड्रॉक्सियुरिया ही आज ओपीडीत लिहून दिली जाणारी मुख्य गोळी गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन वाढवते. ही वाट माकडांवरील अभ्यासांतून व रुग्णांवरील चाचण्यांतून सापडली आणि 1998 मध्ये अमेरिकेत या गोळीला सिकलसेलसाठी मान्यता मिळाली. सिकलसेलच्या बहुप्रचलित उंदरांवर हीच गोळी नंतर वापरून पाहिली, तेव्हा तिचा हा मुख्य परिणाम दिसला नाही. उंदराच्या चाळणीतून पास होण्याची अट त्या गोळीला आधीच घातली गेली असती, तर ती तिथेच अडकली असती.

याच आजाराची दुसरी हकिगत उंदराच्या बाजूने साक्ष देते. मोठेपणीही गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन जास्त असणाऱ्या माणसांच्या जनुकांची तपासणी करताना 2007-08 च्या सुमारास बीसीएल-11-ए या जनुकाकडे बोट गेले. हे जनुक त्या हिमोग्लोबिनचा नळ बंद करते, असा संशय होता. त्याची शहानिशा करण्यासाठी संशोधक सिकलसेलच्या उंदरांकडे वळले. 2011 मध्ये त्या उंदरांच्या रक्तपेशींतून हे जनुक निकामी केले, तेव्हा आजाराची लक्षणे जवळजवळ नाहीशी झाली. त्याच तत्त्वावरच्या जनुक-संपादन उपचाराला, म्हणजे कॅसजेव्हीला, 2023 च्या अखेरीस आधी ब्रिटनने आणि मग अमेरिकेने मान्यता दिली. (अमेरिकेत त्याची किंमत 22 लाख डॉलर आहे, तेव्हा गडचिरोलीच्या रुग्णापर्यंत तो कसा पोचणार हा वेगळाच प्रश्न.) इथे प्रश्न माणसांच्या रक्तातून निघाला होता. उंदराला फक्त एवढेच विचारले की हे एक जनुक बंद केले तर काय होते, आणि ते उत्तर देण्यास तो पुरता लायक होता.

व्हॉक्सेलोटर या सिकलसेलवरच्या औषधाची गोष्ट याच्या उलटी आहे. सिकलसेलच्या उंदरांत या औषधाने पेशींचे आयुष्य वाढले, माणसांतही हिमोग्लोबिनचा आकडा वर गेला आणि 2019 मध्ये त्याला मान्यता मिळाली. पण 2024 च्या सप्टेंबरात कंपनीने ते जगभरातून मागे घेतले, कारण पुढच्या अभ्यासांत वेदनेचे झटके व मृत्यू यांचे पारडे रुग्णांच्या विरोधात झुकताना दिसले. रक्तातला आकडा सुधारणे आणि रुग्ण बरा असणे या दोन गोष्टी उंदरात वेगळ्या करता येत नाहीत, कारण रात्रभर हाडे दुखली का, हे उंदीर सांगू शकत नाही. त्याचा पंजा बारीक तंतूने टोचून तो किती चटकन मागे घेतो, यावरून दुखण्याचा अंदाज बांधला जातो. वेदना हाच ज्या आजाराचा गाभा आहे, तिथे हा आधार फारच तोकडा आहे.

त्या आईच्या प्रश्नापुढे तर हा उंदीर जवळजवळ निरुत्तरच आहे. रिपोर्ट एक असूनही दोन सख्ख्या भावांत इतका फरक का, हे तिला हवे होते. शुद्ध वाणाचा उंदीर मात्र फरक पुसून टाकण्यासाठीच घडवलेला असतो. एका पिंजऱ्यातली पाच पिल्ले म्हणजे जनुकीय दृष्ट्या एकाच उंदराच्या पाच प्रती. आहारही तोच, पाणीही तेच, दिवसरात्रही बटणावरची. प्रयोगाचा निकाल स्वच्छ यावा म्हणून हे करतात आणि त्या हेतूपुरते ते योग्यही आहे. पण विदर्भातील सिकलसेलचा मोठा प्रश्न वैविध्याचाच आहे: घराण्यागणिक, गावागणिक, आहार, मलेरिया आणि जंतुसंसर्ग यांच्यागणिक हा आजार बदलतो. त्याचे उत्तर हजारो रुग्णांच्या वर्षानुवर्षे ठेवलेल्या नोंदींत सापडेल. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम 1 जुलै 2023 रोजी सुरू झाली तेव्हा 2047 चे लक्ष्य ठेवले गेले आणि तपासण्या मोठ्या संख्येने होऊ लागल्या. त्या तपासण्यांमागे प्रत्येक रुग्णाचा पुढचा इतिहास नीट टिपला जातो का, हे मला प्रयोगशाळेतल्या पुढच्या उंदरापेक्षा महत्त्वाचे वाटते.

क्षयरोगातही असेच घडले. नेहमीच्या वाणांच्या उंदरांना क्षयाचे जंतू टोचले, तरी माणसाच्या फुप्फुसात होणाऱ्या, आतून दह्यासारख्या विरघळणाऱ्या गाठी त्यांच्यात होत नाहीत. मॉक्सिफ्लॉक्सॅसिन या प्रतिजैविकाने या उंदरांतला उपचार लवकर आटोपला म्हणून माणसांवर चार महिन्यांच्या उपचाराची मोठी चाचणी झाली, आणि 2014 मध्ये ती नेहमीच्या सहा महिन्यांच्या तुलनेत कमी पडली. पुढे 2021 मध्ये त्याच औषधाला रिफापेंटिन या क्षयावरच्या दुसऱ्या औषधाची जोड देऊन चार महिन्यांचा उपचार यशस्वी ठरला, हेही सांगायला हवे. उंदीर सरळसरळ खोटे बोलला नव्हता, त्याच्या अर्धवट बोलण्यावर आपण पूर्ण वाक्य रचले होते.

जंतुदोषाने होणाऱ्या तीव्र दाहाविषयी 2013 मध्ये एका अमेरिकी शोधनियतकालिकात निबंध आला की उंदरांतील जनुकीय प्रतिसाद माणसाशी फारच कमी जुळतो. दीड-दोन वर्षांत त्याच नियतकालिकात दुसरा निबंध आला: हा प्रतिसाद माणसाशी उत्तम जुळतो. दोन्ही निबंधांतली माहिती एकच होती. फरक एवढाच की दुसऱ्या गटाने ज्या जनुकांत दोन्हीकडे ठळक बदल झाला होता तेवढीच तुलनेला घेतली. उंदीर ‘चालतो’ की ‘चालत नाही’ अशा सरसकट विधानांचे वजन किती, हे या जोडीवरून दिसते.

पिंजऱ्याबाहेरच्या गोष्टीही मोजायला हव्यात, आणि नागपूरकराला त्या पटकन कळतील. मे महिन्यात एका प्राणिगृहाला भेट दिली तेव्हा बाहेर 45 अंशांची लाही होती. दार उघडून आत जाताच आम्हा सगळ्यांच्या तोंडून सुटकेचा नि:श्वास निघाला, आत 22 अंश होते. फळीवरच्या पिंजऱ्यात पांढरे उंदीर कोपऱ्यात एकमेकांच्या अंगावर चढून, भुसा अंगाभोवती ओढून बसले होते. मला वाटले झोपले असतील. सोबतचे पशुवैद्य म्हणाले, “यांना थंडी वाजते आहे.” उंदराच्या शरीराला स्वस्थ वाटते ते साधारण 30 अंशांना, 22 अंशांत त्याचा कितीतरी जोर अंग ऊबदार ठेवण्यातच खर्च होतो, हृदय जोरात चालते, खाणे वाढते. एका अमेरिकी अभ्यासात थंड प्राणिगृहातल्या उंदरांच्या कर्करोगाच्या गाठी उबेत ठेवलेल्यांपेक्षा भरभर वाढताना दिसल्या. जगभरच्या कर्करोगाच्या व चयापचयाच्या प्रयोगांत ‘निरोगी उंदीर’ म्हणून जो धरला जातो तो बऱ्याचदा कुडकुडणारा उंदीर असतो, आणि खोलीचे तापमान ठरते ते अंगात ॲप्रन घातलेल्या माणसाला काय बरे वाटते यावरून.

त्याच्या स्वच्छतेचेही असेच आहे. इतवारीच्या किराणा गोदामातला उंदीर जन्मल्यापासून शंभर प्रकारच्या जंतूंशी झगडत मोठा होतो. गाळलेली हवा आणि निर्जंतुक खाद्य यांवर वाढलेल्या प्रयोगशाळेतल्या उंदराची रोगप्रतिकारशक्ती मात्र प्रौढ माणसापेक्षा नवजात बाळासारखी असते, असे 2016 मध्ये दिसून आले, आणि दुकानात पाळीव म्हणून विकल्या जाणाऱ्या उंदरांची प्रौढ माणसाशी अधिक जुळली. 2006 मध्ये लंडनमध्ये टीजीएन-1412 या रोगप्रतिकारशक्तीवर काम करणाऱ्या औषधाच्या पहिल्याच चाचणीत सहा धट्टेकट्टे स्वयंसेवक मरता मरता वाचले होते. प्राण्यांवरच्या चाचण्यांत ते निर्धोक दिसले होते. 2019 मध्ये रानटी उंदरिणींच्या पोटी जन्मवलेल्या प्रयोगशाळेच्या वाणांत त्या धोक्याची खूण आधीच दिसते, असे सिद्ध झाले. म्हणजे कुठला उंदीर, कसा वाढवलेला, हे सांगितल्याशिवाय ‘उंदरावर तपासले’ या म्हणण्याला फारसा अर्थ नाही.

आता आपल्या घरचे. समितीपुढे येणाऱ्या प्रस्तावांतला मोठा वाटा वनस्पतींच्या अर्कांचा होता. अमुक पानांचा मिथेनॉलमधला अर्क, उंदरांना स्ट्रेप्टोझोटोसिन टोचून मधुमेह घडवायचा, प्रत्येक गटात सहा नर, तीन-चार आठवड्यांनी साखर मोजायची. स्ट्रेप्टोझोटोसिन स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींना मारते. आपल्या शहरात घरोघरी दिसणारा मधुमेह मात्र बहुतांशी सुटलेल्या पोटाचा, इन्सुलिन असूनही ते लागू न पडण्याचा असतो. दोन्हींना मधुमेह म्हणतात, एवढेच साम्य. गट सहांचेच का, मादी का नको, या प्रश्नांना मिळणारे उत्तर बहुधा ‘सर, तसेच करतात’ हेच असे. त्यात त्या मुलांचा दोष नव्हता. वर्षाच्या आत प्रबंध बांधून द्यायचा असतो आणि मागच्या वर्षीचा प्रबंध समोर असतो. पण अशा प्रयोगांत जे उंदीर मरतात, त्यांच्या मरणातून कोणाला काय कळले, याचे उत्तर नीट शोधले तर अनेकदा काहीच सापडत नाही. मग एखाद्या दिवशी वर्तमानपत्रात मथळा येतो, ‘नागपूरच्या संशोधकांनी शोधले मधुमेहावर औषध’, आणि ‘उंदरांत’ हा शब्द मथळ्यात नसतो. बातमी वाचून एखादा माणूस गोळ्या बंद करून पाने उकळून पिऊ लागतो, हे मी माझ्याच नात्यात पाहिले आहे.

परवानगी देणाऱ्या समित्यांची रचनाही या आळसाला मोकळीक देते. समितीत पाच जण त्याच संस्थेतले असतात. आज माझ्या विद्यार्थ्याचा प्रस्ताव, उद्या तुमच्या. उंदराला मांजर साक्ष, असे आपण गमतीने म्हणतो, पण इथे ते अक्षरशः लागू होते. बाहेरचे सदस्य बोलतात ते पिंजऱ्याचा आकार, भूल आणि मारण्याची पद्धत यांवर. या गोष्टी गरजेच्या आहेत, 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचा आणि 1998 च्या नियमांचा हेतूही तोच आहे. परंतु निरुपयोगी प्रयोग कितीही हळुवारपणे केला तरी त्यातले दुःख वायाच जाते, आणि प्रयोग उपयोगी आहे का हे विचारणे हा क्रौर्याच्याच प्रश्नाचा भाग आहे, असे मी समितीत वारंवार मांडले. ते इतिवृत्तात क्वचितच आले.

2023 मध्ये आपल्या औषध चाचण्यांच्या नियमांत बदल झाला, आणि प्राण्यांऐवजी मानवी पेशी, चिपवरचे अवयव (छोट्या पट्टीवर वाढवलेल्या अवयवांच्या पेशी), संगणकीय नमुने यांचे पुरावेही ग्राह्य धरण्याची वाट मोकळी झाली. मी त्याचे स्वागत करतो. फक्त उंदरावर जो आंधळा विश्वास होता तो उचलून चिपवर ठेवला, तर मिळवले काय? यकृताच्या पेशी चिपवर वाढवता येतात, पण त्या चिपला प्लीहा नसते, ताप येत नाही आणि तिला मूल होत नाही. ‘हे साधन माझ्या प्रश्नाला उत्तर देऊ शकते का,’ हा रकाना तिथेही भरावाच लागेल.

समितीवरच्या माझ्या शेवटच्या वर्षात मी एक आग्रह धरला होता आणि अध्यक्षांनी तो निदान आमच्यापुरता मान्य केला. हाच प्राणी का, या रकान्याखाली विद्यार्थ्याने आणखी दोन गोष्टी लिहायच्या: हा प्रश्न कोणत्या रुग्णांत, कोणाच्या निरीक्षणातून आला, आणि प्रयोगाचा निकाल नकारार्थी आला तर तो कुठे नोंदवणार. पहिल्या फेरीत आलेल्या प्रस्तावांपैकी निम्म्यांनी पहिली जागा कोरी सोडली होती. एका मुलीने मात्र तिथे लिहिले होते की तिच्या मामेभावाला सिकलसेल आहे, त्याला थंडीत जास्त क्रायसिस येतात, म्हणून तिला सिकलसेलच्या उंदरांत थंडीचा परिणाम पाहायचा आहे. आम्ही तिला विचारले, तुझे उंदीर 22 अंशांत आधीच गारठलेले असतील तर तू तुलना कशाशी करणार? ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, आधी ओपीडीतल्या जुन्या नोंदींवरून महिन्यांप्रमाणे भरती झालेले रुग्ण मोजून येते. तिचा प्रस्ताव आम्ही त्या बैठकीत मंजूर केला नाही, पुढच्या बैठकीसाठी ठेवून दिला.